नॉर्मलची बाटली

४ फेब्रुवारी

शनिवारची दुपार, होस्टेलचं मागचं अंगण, आणि आम्ही दोघी एकाच मच्छरदाणीत शिरून बसलेल्या. झोपायला नव्हे — भोकं शोधायला! मच्छरदाणी डोक्यावर धरायची आणि आतून उजेडाकडे बघायचं, म्हणजे भोक लगेच दिसतं. ही युक्ती खडू सिस्टरची. त्या गणित शिकवायच्या, टोपीपासून मोज्यांपर्यंत पांढऱ्या, म्हणून आम्ही मुलींनी त्यांना ते नाव ठेवलं होतं. धाकटी दोरा ओवायची, मी टाके घालायची. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करून, एक डोळा मिटून — एका फटक्यात सुईच्या आरपार! मी बारा वर्षांची, ती नऊ. "ताई, हे बघ अजून एक! यातून तर हत्तीचं पिल्लू येईल." हसता हसता आम्ही ती मच्छरदाणी आणखीच फाडायचो.

कुणी विचारलं, सुखात कधी होतीस, तर मी ती दुपार सांगेन. काही घडलं नव्हतं तेव्हा. म्हणूनच.

आज दवाखान्यात, डायलिसिसच्या मशीनच्या खोलीत तिच्याजवळ बसले होते. खिडकीजवळची खुर्ची तिची. डाव्या हातात दोन जाड सुया, रक्त नळीतून बाहेर जातंय, धुऊन परत येतंय. ती मोकळ्या हाताने शालीची उसवलेली कड चाचपत होती. म्हणाली, "ताई, हे बघ, भोक."

आणि माझं ठरलं. खरं म्हणजे मनात कधीचंच होतं, आज हिंमत झाली. माझी एक किडनी तिला द्यायची.

५ फेब्रुवारी

सांगितलं तिला.

"वेड लागलंय का? साठीला आलीस."

"अठ्ठावन्न."

"तेच ते. जुना माल खपवतेस माझ्यावर!"

तेवढ्यात नर्सने येऊन तिचा रक्तदाब बघितला. या नर्सला धाकटीने 'कप्तान' नाव ठेवलंय — सगळ्या खोलीवर तिचाच हुकूम चालतो. ती गेल्यावर धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "डावी देणार की उजवी?"

म्हणजे हो!

भाचीलाही सांगितलं. पोरीचे डोळे भरून आले. "मावशी, खरं तर मी द्यायला हवी." तिला पाचवा महिना. बाळ झालं की मी देते, असं तिने आईला मागेच म्हटलं होतं. धाकटीने उडवून लावलं — "तुझ्या पोटात आधीच एक भाडेकरू आहे. त्याचं बघ."

९ फेब्रुवारी

प्रयोगशाळेत नेहमीचा दिवस. सकाळी आल्या आल्या बाटली भरून दिली. ती सगळ्यांच्या थट्टेची जुनी गोष्ट — 'बाईंची बाटली'. लेबलवर मात्र शिस्तीत 'नॉर्मल' लिहिलेलं असतं.

माझं आयुष्यभराचं काम एका वाक्यात मावतं: हिवताप मुलाच्या अंगातून निघून जातो, पण जाताना किडनीत काय ठेवून जातो? किडनी आतून दुखावली की एक प्रथिन लघवीत झिरपतं. आम्ही ते मोजतो. पण मोजायचं कशाशी ताडून? धड माणसाच्या लघवीशी. सुरुवातीला आमच्याकडे ना पैसा ना माणसं. स्टाफमधल्या निम्म्याहून जास्त लोकांना कधी ना कधी जबर हिवताप होऊन गेलेला, त्यामुळे ते बाद. मला शाळेत असताना आला होता, पण साधा, चार दिवसांचा. मग म्हटलं, माझीच घ्या की! तेव्हापासून चालू आहे. एक साठा संपला की दुसरा. मुलाचं माप माझ्या दुप्पट आलं तर मूल आजारी, नाहीतर सुटलं.

आणि अलीकडे मुलं सुटतात! पूर्वी तिघांत एक अडकायचं, आता क्वचित एखादं. नव्या औषधाने किडनी वाचते, हे आम्ही दाखवलं. लोकांना माझं नाव माहीत आहे ते त्यासाठी. घाई म्हणते, बाई, तुमच्या निरोपसमारंभात याच उतरत्या आलेखाचा केक करू. घाई म्हणजे माझी विद्यार्थिनी, आता माझ्या जागेवर येणारी. इतकं भरभर बोलते की शेवटचे शब्द पहिल्यांच्या आधी पोचतात. म्हणून घाई.

१६ फेब्रुवारी

रक्त जुळलं! सगळं जुळलं! "सख्ख्या बहिणी शोभता," किडनीवाला डॉक्टर म्हणाला. रस्त्यात एकटीच हसत होते. एका शाळकरी मुलीने वळून बघितलं.

२० फेब्रुवारी

दवाखान्यात लागतील म्हणून दोघींना सारख्या सपाता आणल्या. धाकटी म्हणते, माझी किडनी तिच्यात गेली की तिलाही पहाटे उठून प्रयोगशाळेत पळावंसं वाटेल. "आणि इंग्रजीत बडबडेन झोपेत, तुझ्यासारखी. खडू सिस्टरचा पाढा."

खूप दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रंग होता. तिला पाणी मोजून प्यावं लागतं, म्हणून ती बर्फाचा खडा गालात धरून बसते. त्याच बोबड्या बोलीत तिने मला तिच्या आजारपणाची आठवण करून दिली — होस्टेलमधल्या. मी विसरेन का? अंगणातल्या त्या दुपारनंतर थोड्याच दिवसांत. आधी मला ताप आला, गेला. मग तिला. दातावर दात आपटत होते, पलंग हलत होता. आणि तिसऱ्या सकाळी तिची लघवी काळी झाली, कडक चहासारखी. तांबड्या काठाचं पांढरं भांडं. खडू सिस्टर म्हणाल्या, पळ, डॉक्टरांना दाखवून आण. मी दोन्ही हातांनी ते भांडं धरून लांबलचक व्हरांड्यातून निघाले. धाकटी तापात असून मागून ओरडत होती — "हळू ने गं ताई, सांडशील!"

नाही सांडलं.

माझी खरी शाळा त्या व्हरांड्यात झाली, असं मला नेहमी वाटत आलंय. पुढे मी जे शिकले ते त्या भांड्यात काय होतं हे कळावं म्हणून.

ती त्यातून उठली. सगळे म्हणाले, वाचली. पन्नाशीपर्यंत तसंच वाटत होतं.

२७ फेब्रुवारी

किडनीवाला माझा वर्गमित्र. एरवी माझ्याशी कधी नीट बोलत नाही, टोमणेच मारतो. आज सोनोग्राफीच्या खोलीतून स्वतः बाहेर आला, दार लावून घेतलं, आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसला. तेव्हाच समजायला हवं होतं.

"लघवीत प्रथिन जातंय तुझ्या. रक्ताचाही रिपोर्ट बरा नाही. मला वाटलं नमुना बदलला, म्हणून परत काढायला लावलं."

"मग?"

"तुझ्या किडन्या लहान झाल्यात गं. खडबडीत. निम्म्याहून कमी काम करताहेत."

मी म्हटलं, पडद्यावर दाखव. त्याने दाखवलं. मी हजारो बघितल्यात. दुसऱ्या कुणाच्या असत्या तर चहा पिता पिता सांगितलं असतं.

"कधी तपासलं नव्हतंस स्वतःला?"

"वेळ कुठे होता?"

"किडनीची डॉक्टरीण!" तो म्हणाला. मग माझा हात धरून बसला.

२८ फेब्रुवारी

द्यायला माझ्याकडे काही नाही.

३ मार्च

तिला सांगायचं कसं? काल रात्रभर वाक्यं जुळवली. मशीनच्या खोलीत शिरले तर म्हणाली, "नाही ना जमत? तुझं तोंड बघूनच कळलं. नापास झालीस की अशीच खालचा ओठ चावत यायचीस."

"मी कधी नापास झाले गं?"

"चित्रकलेत."

मी रडले. ती नाही. तिने माझा हात तिच्या डाव्या हातावर ठेवला, जिथे सुईसाठी शीर जोडून घेतलीय. मांजराच्या पोटासारखी आतून घुरघुरते ती जागा. "बघ, इंजिन चालू आहे," म्हणाली. "चालेल तोवर चालेल."

मग हळूच — "तुलाही खुर्ची लागणार का ताई?"

"आज नाही. पुढे कधीतरी."

"खिडकीजवळची माझी आहे हां. सांगून ठेवते."

भिंतीकडच्या खुर्चीतले म्हातारे मास्तर सगळं ऐकत होते. त्यांच्या नशिबी फक्त भिंत. म्हणाले, "या दोघी बहिणी आल्या की आमचं नाटकाचं तिकीट वाचतं." कप्तान त्यांच्यावर डाफरली. पण तिचेही डोळे लाल होते.

६ मार्च

आज सकाळी बाटली भरली. सवयीने! हातात धरून टेबलापर्यंत आले. घाईने कालच लेबल करून ठेवलं होतं. लेबल चिकटवताना वाचलं.

नॉर्मल.

किती वेळ उभी होते कोण जाणे. घाई आली, म्हणाली, "बाई बाटली द्या ना प्लेट लावायचीय मशीन गरम झालंय." मी म्हटलं, ही नको लावूस. आधी फ्रीजर उघड.

माझ्या प्रत्येक साठ्यातली एक बाटली आम्ही गोठवून ठेवतो. जुनी पद्धत, कधी उपयोगाला आली नव्हती. सगळ्या काढल्या. बर्फ पुसून एका ओळीत लावल्या — माझी वर्षं. सगळ्यात जुनीवर माझंच अक्षर, कॉन्व्हेंटचं, वळणदार, शाईचं. मग कुणाकुणाची अक्षरं. शेवटी घाईची ओढाताण.

एकाच प्लेटवर सगळ्या लावल्या. प्रथिन असलं की प्लेटच्या खळग्यातलं पाणी पिवळं होतं, जितकं जास्त तितकं गडद. पहिला खळगा पाण्यासारखा स्वच्छ. पुढचे काही तसेच. मग लिंबाच्या सालीसारखा. मग हळदीसारखा. शेवटचा बघवेना.

"प्लेट चुकलीय," घाई म्हणाली. "परत करते."

परत केली. पुन्हा तेच.

इतकी वर्षं माझी लघवी या शहरात सगळ्यात जास्त वेळा तपासली गेली असेल, पण माणसाची म्हणून एकदाही वाचली गेली नाही. यंत्र आधी नॉर्मलला एक धरतं, मग बाकीच्यांना मोजतं. मी आजारी होत गेले तरी एकच राहिले. मुलांची मापं मात्र माझ्यापुढे लहान लहान होत गेली.

घाई पहिल्यांदाच सावकाश बोलली. "बाई, मग ती सुटलेली मुलं?"

७ मार्च

औषधाने कुणीच वाचलं नसेल असं नाही. पण आमच्या आलेखातली ती सुंदर उतरण — ती औषधाची नव्हती. माझी होती.

११ मार्च

धाकटीला सांगितलं. तिला समजावं म्हणून उदाहरण दिलं: दुकानदाराचं वजनच झिजलंय, आणि तो वर्षानुवर्षं त्यानेच तोलतोय. असंच काहीसं. तिने सगळं नीट ऐकलं, मग विचारलं, "आता नॉर्मल कोण?"

"घाई तीस जणांच्या बाटल्या गोळा करतेय. तरुण, धडधाकट, कधी ताप न आलेले."

"माझी नको का? माझी होतच नाही म्हणा!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की मशीन ओरडायला लागलं. कप्तान धावत आली. "बाई, तुम्हाला बाहेर काढीन हां मी!"

घरी येऊन मात्र दिवा न लावता बसून राहिले.

१५ मार्च

डायरेक्टरांकडे गेले. ते वयाने माझ्याहून लहान, नेहमी आदराने बोलतात. आजही खुर्ची पुढे केली. "मॅडम, काही महिन्यांत तुमचा निरोपसमारंभ. शांतपणे जा ना! पुढे घाई बघेल, नवं नॉर्मल वापरेल, हळूहळू आकडे सुधारतील. कुणाला कळणार आहे?"

"मुलांच्या किडन्यांना कळेल."

"लोक हसतील हो. तुमचीच बाटली, तुम्हीच बोंब मारणार?"

"हसू देत."

औषधाबद्दलचा आमचा शोधनिबंध मागे घेत असल्याचं पत्र आजच पाठवलं.  सुटलं म्हणून सांगितलेल्या प्रत्येक मुलाला परत बोलवायचं. घाईने पत्ते काढायला घेतले.

२२ मार्च

पहिली आली ती दोन वेण्यांची पोरगी. आठ वर्षांची होती तेव्हा मला तिने बूट घातलेल्या डासाचं चित्र काढून दिलं होतं. ते अजून माझ्या कपाटाच्या दाराला आहे. आता माझ्याहून उंच झालीय. वेणी एकच, आणि पापण्या सुजलेल्या.

"अभ्यासाला जागते म्हणून सुजतात म्हटलं," आई म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं ना, सुटली म्हणून?"

"मी सांगितलं होतं. चूक होती."

नव्या नॉर्मलशी ताडलं. दुपटीहून बरंच वर. पण अजून वेळ आहे, गोळ्यांनी धरून ठेवता येईल. तसं सांगितल्यावर आईने माझे दोन्ही हात धरले. "बरं झालं बाई, वेळेवर बोलावलंत!"

त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं.

पोरगी जाताना कपाटाकडे बघत होती. "अय्या, हे अजून आहे?"

९ एप्रिल

मुलं येताहेत. काही धड निघतात — देवा, तुझे उपकार! काही नाही. काहींची घरंच बदललीत, पत्रं परत येतात. माझंही पथ्य सुरू झालंय, मीठ कमी, रक्तदाबाच्या गोळ्या. धाकटी त्यावर खूश. "आता कळेल तुला फिक्या सूपाची चव."

२४ एप्रिल

मला एक गोष्ट छळतेय. मला आलेला ताप साधा होता. साध्या तापाचीही किडनीत खूण राहत असेल, आणि ती चाळीस-पन्नास वर्षांनी वर येत असेल, तर आम्ही फक्त जबर आजारी मुलांनाच बघतो हे मुळातच अपुरं. बाकीच्या हजारो मुलांकडे कुणाचं लक्ष नाही.

आज धाकटीच्या खुर्चीजवळ किडनीवाल्याशी यावरच वाद. तो म्हणतो, "पुरावा कुठाय? तुझं वय, रक्तदाब, कशानेही झालं असेल."

"माझ्या किडनीचा तुकडा काढ आणि बघ."

"इतक्या लहान किडनीला सुई लावायची? रक्त थांबलं नाही तर? मी नाही करणार."

"मग आम्हा दोघींसारख्या माणसांच्या किडन्या बघायला मिळणार कधी?"

"पूर्ण किडनी हवी. ती कोण देणार? आणि वाळलेल्या किडनीत कारण शोधणं म्हणजे जळालेल्या घरात काडी शोधण्यासारखं."

"पण आधी घर तरी हवं ना!"

धाकटी डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, झोपलीय.

८ मे

तिला हल्ली पायात गोळे येतात. मशीन सुरू असताना उठून पाय ताणता येत नाही, मी तळवे दाबत बसते. अंगाला खाज. नखं कापून टाकलीत तरी ओरबाडते. आज म्हणाली, "ताई, मला कंटाळा आलाय गं." बस्स, एवढंच. एखादं पुस्तक अर्ध्यात ठेवावं, तशा सुरात.

भाची आता रोज येते. आईपुढे हसते, जिन्यात रडते.

२ जून

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

होस्टेलची ती मच्छरदाणी धाकटीने जपून ठेवलीय! सगळी घरं बदलली, माणसं गेली, ही ट्रंकेत तशीच. भाचीच्या बाळासाठी ती दुरुस्त करायची म्हणाली. मी म्हटलं, नवी मिळते की! "नवीत काय मजा?"

मग काय — तिच्या पलंगावर दोघी म्हाताऱ्या डोक्यावरून मच्छरदाणी घेऊन बसलो, खिडकीकडे तोंड करून. उजेड यायचा, भोकं दिसायची. माझा चष्मा जाळीत अडकला. सुईत दोरा मला काही केल्या ओवता येईना. तिने हिसकावून घेतला.  टोक जिभेवर ओलं केलं, एक डोळा मिटला — आरपार!

"अजून पास आहे मी," म्हणाली.

भाची दारात उभी, हे एवढं पोट. "मलाही यायचंय आत."

"तू नको गं बाई, तू आलीस तर फाटेल."

शेवटचं एक भोक राहिलं, कोपऱ्यातलं. ती दमली होती. म्हटलं, उद्या करू.

काही घडलं नाही आज. आणि मला रडू आवरत नाहीये.

२७ जून

भाचीला मुलगी झाली. धाकटीने मांडीवर घेतलं, तासभर. तिच्या हातातल्या घुरघुरीवर बाळ झोपलं.

५ जुलै

विचारत होती — प्रयोगशाळेत मुलांना नंबर का देता, नावं का नाही? मी सांगितलं, गुपित राखायला. "पण तुझ्या बाटलीवर तर नंबरही नव्हता," म्हणाली. "नाव असतं तर कुणीतरी म्हटलं असतं ना, अगं, ही तर आपली बाई, हिला काय झालंय?"

 

११ जुलै

कोपऱ्यातलं भोक अजून तसंच. तिला बसवत नाही.

आज मी खोलीत गेले तर ती कप्तानशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मला बघून दोघी गप्प. "काय गं, काय कारस्थान?" "तुझ्याबद्दल वाईट बोलत होतो," धाकटी म्हणाली.

१६ जुलै

धाकटी गेली. सकाळी, खुर्चीतच, मशीन सुरू व्हायच्या आधी. खिडकीकडे मान करून.

मी तिचे पाय नीट करत होते तर कप्तानने माझा खांदा धरला. "बाई, रडणं मागून. आधी हे ऐका, वेळ थोडा आहे. त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलंय. तुमच्या भाचीला सगळं माहीत आहे, तिने सही केलीय. किडनीवाले डॉक्टर खाली तयार आहेत."

आणि शाळेतल्या मुलीसारखी सरळ उभी राहून तिने म्हणून दाखवलं. तसंच लिहिते:

खिडकीजवळची खुर्ची मास्तरांना. फार भिंत बघितली त्यांनी. ताईला लागेल तेव्हा मागून घ्यावी, ते देतील.

माझा रेडिओ कप्तानला. बातम्या लावायच्या नाहीत.

सपाता दोन्ही जोड ताईला. एक घालायचा, एक नुसता शेजारी ठेवायचा.

मच्छरदाणी बाळाला. कोपऱ्यातलं भोक ताईने शिवावं. दोरा माझ्या लेकीने ओवून द्यावा, ताईला दिसत नाही आणि ती कबूल करत नाही.

माझ्या दोन्ही किडन्या ताईला. चालत नाहीत हे तिला ठाऊक आहे, तरी तिला हव्यात हे मला ठाऊक आहे. डब्यावर नंबर नको. नाव लिहायचं, माझं, पूर्ण. आणि डबा तिनेच न्यायचा, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही.

हळू ने गं ताई. दोन्ही हातांनी धर. सांडशील.